मंगळवारी कोण येणार?

मुंबईतली नोकरी संपल्यानंतर पहिली दोन-तीन वर्षं माझा बहुतेक वेळ बेडरूममध्ये गेला. त्याला कारण होतं. आमचा विरार पूर्वेला फुलपाड्यातला फ्लॅट लहान, आणि हॉलमध्ये बायकोच्या शिकवण्या चालायच्या. सकाळचा पेपर मी दुपारपर्यंत पुरवायचो, मग खाली मेडिकलच्या दुकानात जाऊन बसायचो. दुकानदार कुडाळचा, मी मालवण तालुक्यातला. औषधांपेक्षा बांगड्याच्या भावावर आमचं जास्त बोलणं व्हायचं, आणि तेही मोठ्याने, मालवणीत.

त्या दुकानदारानेच एका दुपारी दोन बायकांना माझा पत्ता दिला. बायकोने दार उघडलं तर समोर राखाडी साडीतली एक सिस्टर आणि तिच्या मागे फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली, साठीला आलेली, अंगाने भक्कम बाई. सिस्टर झारखंडची होती हे मला नंतर कळलं. चंदनसारला भाड्याच्या घरात त्या तिघी सिस्टर राहत, आणि आसपासच्या चाळींतून अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करत. फ्रॉकवाल्या बाई वसई पश्चिमेच्या एका गावातल्या. त्यांची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी होती. त्यांच्या चर्चमधल्या काही बायका-पुरुषांचा एक गट गरीब घरांना भेटी द्यायचा, त्या गटाच्या त्या पुढारी.

वर्गणी मागायला आल्या असतील असं वाटून मी पाकीट शोधायला लागलो. सिस्टर म्हणाली की पैसे नकोत, आमच्याबरोबर जरा चला. एक म्हातारी आहे, ती फक्त तुमच्या बोलीत बोलते. काय म्हणते ते आम्हाला कळत नाही, आणि ती जेवतही नाही.

मी शर्ट बदलून निघालो. रिक्षात बाईंनी मला आधीची हकिगत सांगितली. म्हातारी एकटी राहायची. घरकाम करून तिने आयुष्य काढलं होतं. नळावर पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन केलं नाही, घरी पाठवलं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून सिस्टर रोज सकाळी येऊन जखमा धुऊ लागली. बाईंच्या गटालाही तिची माहिती कुणीतरी दिली होती. ते दर रविवारी दुपारी यायचे, तांदूळ, डाळ, तेल ठेवून, प्रार्थना करून जायचे. एक रोज सकाळी, दुसरे रविवारी दुपारी. महिनाभर एकमेकांना पत्ता नव्हता.

“एका रविवारी सिस्टरला उशीर झाला, म्हणून आमची गाठ पडली,” बाई म्हणाल्या. “मी तांदूळ ठेवायला डबा उघडला, तर आधीची पिशवी तशीच. गाठसुद्धा सोडलेली नाही. जी बाई उठून बसू शकत नाही तिला मी महिनाभर कच्चा तांदूळ देत होते.”

सिस्टर रिक्षाबाहेर बघत होती. तिने हिंदीत एवढंच म्हटलं की मी तरी कुठे विचारलं होतं, जखम धुतली की निघायचे, चूल पेटते की नाही हे पाहिलंच नाही. म्हातारीला शेजारची एक उत्तर भारतीय बाई चहा आणि पाव देत होती, त्यावर ती जगली होती.

चाळ टेकडीच्या चढावर होती. रस्ता संपला की पायऱ्यांसारखे दगड लावलेले. खोली एकच, पण झाडलेली. भिंतीवर गावदेव रवळनाथाची तसबीर, खाली पितळेची समई. म्हातारी कुशीवर पडलेली, चेहरा भिंतीकडे. मी तिच्या उशाशी बसून मालवणीत विचारलं की आजी, कशी आसंस. ती हळूहळू वळली, मला निरखून पाहिलं, आणि पहिला प्रश्न तिनेच केला.

“तू खयचो रे? कोणाचो?”

मी गाव सांगितलं, घर सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. तिचं माहेर आमच्यापासून दोन गावं पलीकडे निघालं. मग ती जी बोलायला लागली ती थांबेना. तिला मराठी येत होतं, हिंदीही कळत होतं, पन्नास वर्षं मुंबईत काढलेली. पण दुखणं आल्यापासून तिने ठरवून टाकलं होतं की आता दुसऱ्यांच्या बोलीत बोलायचं नाही. ज्याला गरज असेल तो समजून घेईल.

न जेवण्याचं कारण साधं होतं. तांदळाचं कळल्यापासून सिस्टर त्यांच्या घरून खिचडी आणायची, ती तिला नको होती. तिला पेज हवी होती, सोबत कुळथाची पिठी आणि भाजलेलं सुकं, म्हणजे सुकी मासळी. मी हे सांगितल्यावर बाई हसल्या. म्हणाल्या, सुकं आमच्या घरी बारा महिने असतं, पिठी तेवढी कुणीतरी शिकवा.

दुसरी गोष्ट इतकी साधी नव्हती. जखमा खोल होत्या. सिस्टरांच्या संस्थेचं दूर एका गावी निराधारांसाठी घर होतं. तिथे खाटा होत्या, नर्स होती, रात्री कुणीतरी जागं असायचं. सिस्टरला तिला तिथे न्यायचं होतं, आणि रोज विचारल्यावर म्हातारी रोज एकच वाक्य बोलून तोंड फिरवायची. ते वाक्य मी समजून घेऊन त्यांना सांगायचं होतं. मी विचारलं. ती म्हणाली:

“ह्यां घर माझां आसा. माका खंयच जावचां नाय.”

मग तिने मला ते घर म्हणजे काय ते सांगितलं. जन्मली मामाच्या घरात. लग्न होऊन गेली ती दिराच्या घरात. नवरा लवकर गेला, तेव्हा दादरला एका कुटुंबात कामाला राहिली, स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपायची. तिथली मुलं मोठी होऊन परदेशी गेली तेव्हा तिने साठवलेलं सगळं घालून ही खोली घेतली. सत्तर वर्षांच्या आयुष्यात आतून कडी लावता येईल असं दार तिला पहिल्यांदा मिळालं होतं.

मी ते सगळं मराठीत सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या लगेच म्हणाल्या की मग तिला हलवायचं नाही, आम्ही आहोत ना, आमचा गट आहे, आम्ही करू. सिस्टर मात्र हलली नाही. ती तेव्हा पन्नाशीच्या आत असेल, बारीक अंगाची, आवाज कधी चढत नसे. तिने बाईंकडे पाहून विचारलं:

“संडे को सब आते हैं. मंगळवारी कोण येणार?”

बाईंना ते लागलं. परतताना मला वाटलं की हे प्रकरण इथेच संपणार. चांगल्या माणसांचं आपसात असं बिनसलेलं मी ऑफिसच्या कल्याण निधीपासून गणेशोत्सव मंडळापर्यंत खूप पाहिलं होतं.

पण पुढच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर बाईंनी आपल्या लोकांना चर्चच्या आवारात थांबवून घेतलं. तो प्रसंग त्यांनीच मला नंतर सांगितला. त्यांनी सिस्टरचा प्रश्न जसाच्या तसा सगळ्यांसमोर ठेवला. एक जण म्हणाला, आम्ही धान्य देतो ते पुरे नाही का. बाई म्हणाल्या, पुरे नाही, मी डबा उघडून पाहिलाय. मग एकेक माणूस वार बोलायला लागला. एक निवृत्त बस ड्रायव्हर सोमवार घेतो म्हणाला. दोघी जावांनी मिळून बुधवार घेतला. बाईंनी स्वतः दोन दिवस घेतले. मंगळवार काही कुणी घेईना. बाजाराचा दिवस, फुलं दादरला न्यायची असतात, प्रत्येकाला काही ना काही. बाईंनी मला फोन केला आणि अडचण सांगितली. मी शेजारच्या खोलीतल्या बायकोकडे पाहिलं, तिने शिकवता शिकवताच मान डोलावली. अशा रीतीने मंगळवार आमच्याकडे आला.

सिस्टरने तेव्हाही लगेच विश्वास टाकला नाही. तिने आम्हा सगळ्यांना चाळीतल्या त्या खोलीत बोलावलं आणि शिकवलं. माणसाला कुशीवर वळवताना हात कुठे घालायचा, चादर न ओढता कशी बदलायची, जखम कोणत्या पाण्याने धुवायची, कोणता रंग दिसला तर घाबरायचं आणि कोणता दिसला तर आनंद मानायचा. पहिल्या दिवशी जखम पाहून मी दारात जाऊन उभा राहिलो. सिस्टर बाहेर आली, मला म्हणाली की अंकल, तुम्ही आधी फक्त डोक्याशी बसा आणि बोला, ते मला येत नाही. मग मी तेच केलं. बायको जखम धुवायची आणि मी गावच्या जत्रेचं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं त्याचं बोलत राहायचो. दुसऱ्या महिन्यात कधीतरी बायको आजारी पडली तेव्हा मी एकट्याने सगळं केलं. म्हातारी म्हणाली, “हात हलको आसा तुझो, झिला.” साठी उलटल्यावर मला कुणी ‘झिला’ म्हणून पोरासारखी हाक मारली नव्हती.

बाई पिठी करायला आमच्या घरी शिकल्या. पहिल्या खेपेला त्यांनी त्यात त्यांच्या घरचा मसाला घातला आणि म्हातारीने चमचा परत केला. दुसऱ्या खेपेला बायकोने सांगितलं तशीच केली, तेव्हा वाटी रिकामी झाली. बाईंची घरची बोली वेगळी, म्हातारीची वेगळी, दोघी आपापल्या बोलीत बोलायच्या आणि मासळीपुरतं तरी त्यांना एकमेकींचं सगळं कळायचं.

गटातल्या पुरुषांनी आपापल्या परीने कामं काढली. मागच्या भिंतीला खिडकी नव्हती, एका रविवारी भिंत फोडून ती बसवली. बस ड्रायव्हरने कुठून तरी दवाखान्याची जुनी खाट मिळवली आणि चौघांनी ती चढावरून खांद्यावर आणली. ती दारातून आत जाईना, तेव्हा दार काढून, खाट आत घालून, पुन्हा दार बसवलं. म्हातारी खाली गादीवर पडून ते बघत होती आणि कडी नीट बसली की नाही ते सारखं विचारत होती.

चाळीत कुजबुज होतीच. माझ्या इमारतीतल्या एका मित्रानेही मला विचारलं की हे लोक तिचा धर्म तर बदलणार नाहीत ना. मी त्याला एका संध्याकाळी बरोबर नेलं. त्या दिवशी सिस्टरचा वार होता. म्हातारीचा नियम असा की संध्याकाळी जो कोणी घरात असेल त्याने रवळनाथापुढे समई लावायची. सिस्टर तेल घालत होती आणि म्हातारी खाटेवरून तिला ओरडत होती, वात सरळ लाव गो बाये, ती वाकडी झाली. सिस्टरने वात सरळ केली, काडी ओढली, हात जोडून क्षणभर उभी राहिली. पुढे आठवडाभराने मित्राने सांगितलं की कधी माणूस कमी पडला तर मला हाक मारा.

खरी कसोटी पावसाळ्याच्या मध्यावर आली. सलग पाऊस लागला आणि विरार पूर्वेचे सखल रस्ते पाण्याखाली गेले. पश्चिमेकडून कुणी येऊ शकेना. फुलपाड्यात आमच्या इमारतीखाली कंबरेइतकं पाणी होतं. सिस्टरांच्या घरातही पाणी शिरलं आणि त्या तिघी आपल्या सामानासकट शेजारच्या गच्चीवर गेल्या. फोन बंद पडत होते. बाई, सिस्टर आणि मी, तिघेही आपापल्या जागी अडकून तोच विचार करत होतो की म्हातारीला कोण वळवणार, कोण कोरडं करणार. वेळेवर वळवलं नाही तर भरत आलेली जखम पुन्हा उघडते हे आता आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पाणी उतरल्यावर सिस्टर पहिली पोचली, तिच्या पाठोपाठ मी. चढावरून वाहून आलेल्या चिखलात आमच्या चपला रुतत होत्या. आत गेलो तर म्हातारी कोरड्या चादरीवर डाव्या कुशीला, पाठीशी उशी, अंगात धुतलेला गाऊन. शेजारची उत्तर भारतीय बाई, जी आधी चहापाव द्यायची, ती तिला पेज भरवत होती. तिने महिनोन्‌महिने दारात उभं राहून आमचं सगळं पाहिलं होतं. कुणी तिला शिकवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. तिच्या स्वतःच्या खोलीत छप्पर गळत होतं, मुलं पलंगावर बसवलेली होती, आणि मधल्या काळात ती दर थोड्या वेळाने इकडे येऊन म्हातारीला वळवत होती.

सिस्टरने जखम उघडून पाहिली. तिने मला जवळ बोलावून दाखवली. कडा गुलाबी होत्या, ओल नव्हती. मग सिस्टर उठली आणि त्या शेजारणीच्या पाया पडली. शेजारीण गोंधळली, मागे सरली, म्हणाली, “अरे सिस्टर, ये क्या कर रही हो. अम्मा तो हमारी भी हैं.” मी इतकी वर्षं सिस्टरला ओळखतो, पण भावना अशी उघडी पडू दिलेली मी तिला तेवढी एकदाच पाहिली.

त्या दिवसानंतर गटाच्या बैठकीला शेजारीणही यायला लागली. चर्चमधल्या एक-दोन जणांना हे जड गेलं. हा आपल्या धर्मग्रामाचा, म्हणजे आपल्या चर्चचा उपक्रम आहे, त्यात सगळ्यांना घ्यायचं तर मग काय राहिलं, असं ते म्हणाले. बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. पुढच्या वेळी त्यांनी शेजारणीला आपल्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि कामाचं बोलायला सुरुवात केली.

गणपतीत म्हातारीची शेवटची जखम भरली. दिवाळीच्या सुमाराला बस ड्रायव्हर आणि सिस्टरने दोन बाजूंनी धरून तिला पहिल्यांदा उंबऱ्याजवळच्या खुर्चीत बसवलं. चालता तिला परत कधी आलं नाही. पण रोज संध्याकाळी ती दारात बसायला लागली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मालवणीत टोकायला लागली. चाळीतली पोरं तिच्याकडून शिव्या शिकली. डॉक्टर म्हणाले होते की ती पावसाळा काढणार नाही. तिने तो काढला आणि त्याच्या पुढचा हिवाळाही काढला.

मे महिन्यात एका सकाळी बाई पेज घेऊन गेल्या तेव्हा ती खाटेवर जागीच होती, पण श्वास वेगळा होता. बाईंनी फोन केले. मी पोचलो तेव्हा सिस्टर तिचा हात धरून बसली होती, शेजारीण पायाशी. म्हातारीने मला ओळखलं. समईकडे पाहिलं, मी ती भर सकाळी लावली. दुपार व्हायच्या आत ती गेली, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर.

मग सिस्टर माझ्याकडे वळली आणि विचारलं की आता तुमच्यात काय काय करतात ते सांगा, काही चुकायला नको. मला सगळं ठाऊक होतं असं नाही. मेडिकलवाल्याला बोलावलं, दोघांनी मिळून आठवलं. गावी एक पुतण्या होता, त्याला कळवलं, पण त्याला पोचायला वेळ लागणार होता. फोनवर तो रडला आणि म्हणाला की तुम्हीच करा. बायकांनी तिला आंघोळ घातली, माझ्या बायकोने कपाटातलं तिचं सांभाळून ठेवलेलं लुगडं नेसवलं. बाईंनी वाडीतून सोनचाफा मागवला. तो इतका आला की खोलीत दुसरा वास राहिला नाही. खांदा द्यायला चर्चमधले चौघे होते, वाटेत चाळीतले बदलत गेले. अग्नी मी दिला.

सिस्टर स्मशानाच्या फाटकाशी थांबली होती. बायकांनी आत यायचं की नाही हे तिला माहीत नव्हतं. माझी बायकोच तिला हाताला धरून आत घेऊन आली.

खोली पुतण्याकडे गेली. तो आला, चांगला माणूस होता, सगळ्यांच्या पाया पडला, रवळनाथाची तसबीर घेऊन गेला. खाट मात्र ठेवून गेला. ती आता वसईजवळ गोखिवऱ्यात आहे, एका कारखान्यात मशिनीवरून पडून कमरेखाली लुळा झालेल्या माणसाकडे. त्याच्यानंतर आणखी काही घरं मिळाली. चर्चच्या गटाने धान्य वाटणं सोडलं नाही, पण आता धान्य देण्याआधी चूल कोण पेटवतं ते विचारतात.

गेल्या वर्षी सिस्टरची बदली झाली. त्यांच्यात असं होतंच, वरून निरोप आला की निघायचं. ती गुजरातमधल्या एका आदिवासी भागात गेली. आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा तिच्याकडे एकच बॅग होती. मी न राहवून विचारलं की इतक्या वर्षांचं एवढंच सामान का. ती म्हणाली की घर माझं कधीच नव्हतं, म्हणून त्या आजीचं म्हणणं मला आधी कळलं नाही, तुम्ही सांगितल्यावर कळलं. बाईंनी तिला वाटेत खायला सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली होती. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आणि म्हातारीच्या खोलीतलं मंगळवारचं ते टोचलेलं बोलणं दोघींपैकी कुणालाही आठवत असेल असं वाटलं नाही.

तिच्या जागी आलेली सिस्टर पंचविशीची आहे, नर्सिंग शिकलेली, हुशार. पहिल्याच आठवड्यात ती आमच्याबरोबर गोखिवऱ्याला आली. तो लुळा माणूस नव्या माणसांसमोर तोंड उघडत नाही. नवी सिस्टर जखमेपाशी बसली आणि सरळ मलमपट्टीची पेटी उघडायला लागली. शेजारीण, जी आता या कामात आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे, तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की पहले इनसे पूछो, खाना खाया क्या. सिस्टरने पेटी बाजूला ठेवली आणि विचारलं. त्याने नाही म्हटलं. बाईंनी डबा उघडला, मी त्याला उशीला टेकवून बसवलं, आणि नव्या सिस्टरने पहिला घास त्याच्या हातात दिला.